आधी केळं बंद करा

मागच्या उन्हाळ्यात एक कुटुंब बुटांच्या खोक्यात ठेवलेलं माकड घेऊन माझ्या दवाखान्यात आलं. मार्मोसेट, म्हणजे ब्राझीलकडच्या जंगलातलं खारीएवढं माकड. कानांवर पांढऱ्या केसांचे झुपके, शेपटीवर करड्या पट्ट्या. ते फांदीला धरून बसत नव्हतं, उडी मारत नव्हतं. खालच्या जबड्याला बोट लावलं तर हाड कच्च्या शेंगेसारखं दबलं. वजन भरलं 262 ग्रॅम. या जातीचं मोठं झालेलं माकड साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असायला हवं.

घरातल्या ताई रडवेल्या झाल्या होत्या. "डॉक्टर, आम्ही त्याला काही कमी केलं नाही हो. रोज अख्खं केळं, दुधात भिजवलेलं बिस्कीट, वर डाळिंबाचे दाणे. खिडकीशी बसून ऊनही खातं."

त्यांच्या मायेत काही खोट नव्हती. खोट आहाराच्या त्या यादीत होती. सोलापुरात आणि आसपासच्या तालुक्यांत मला हीच यादी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा ऐकू येते. कधी पाळलेल्या परदेशी माकडाबद्दल, तर कधी विजेच्या तारेला चिकटून आई गेलेल्या पिल्लाबद्दल. पिंजऱ्यातलं माकड उपाशी राहून क्वचितच मरतं. आपण लाडाने जे भरवतो, त्यानेच ते हळूहळू झिजत जातं.

पुढचं सगळं सांगण्याआधी कायद्याचं बोलून घेतो. आपल्याकडची माकडं आणि वानरं घरात पाळता येत नाहीत. सापडलेलं पिल्लू वनखात्याच्या हवाली करायचं असतं. मार्मोसेट, टॅमरिन, स्क्विरल मंकी, कॅपुचिन ही परदेशी माकडं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात येतात. 2024 च्या नियमांप्रमाणे अशा प्राण्याची नोंद परिवेश पोर्टलवर करावी लागते. त्याला झालेली पिल्लं, त्याचा मृत्यू, तो दुसऱ्याकडे देणं, हेही कळवावं लागतं. मुंबई विमानतळावर परदेशातून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांत अशी माकडं कोंबलेली सापडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो, नवीन माकड घेऊ नका. हा लेख ज्यांच्याकडे ते आधीच रीतसर नोंदवलेलं आहे त्यांच्यासाठी, सुटका केलेल्या माकडांची देखभाल करणाऱ्यांसाठी आणि ज्यांच्या दारात अचानक एखादं पिल्लू येऊन पडतं त्यांच्यासाठी आहे.

आता केळ्याकडे वळू. सालीशिवायचं एक मध्यम केळं शंभर ग्रॅमचं धरा. साडेतीनशे ग्रॅमच्या माकडासाठी ते त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त झालं. साठ किलोच्या माणसाने एका दिवसात सतरा किलो केळी खावीत, तसा हा हिशेब आहे. एवढं पोटात गेल्यावर दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. शिवाय आपलं केळं माणसाच्या जिभेसाठी गोड केलेलं आहे. जंगलातली फळं चोथ्याची, तुरट, बियाळ असतात. इंग्लंडमधल्या पेंटन प्राणिसंग्रहालयाने 2014 साली आपल्या माकडांचं केळं बंद केलं आणि त्याजागी भाज्या वाढवल्या. फळं कमी केल्यावर माकडांची तब्येत सुधारली आणि छोटी माकडं शांतही झाली, असा तिथला अनुभव आहे. करमाळा-टेंभुर्णीच्या पट्ट्यातून केळ्यांचे कंटेनर परदेशी जातात, त्याचा मलाही अभिमान आहे. पण ते केळं माकडासाठी नाही. औषध लपवून द्यायचं असेल तेव्हा नखाएवढा तुकडा ठीक.

केळ्यात आणखी एक अडचण आहे. शंभर ग्रॅम केळ्यात कॅल्शिअम सुमारे 5 मिलीग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे 22. हाडांसाठी हे प्रमाण उलटं हवं, म्हणजे कॅल्शिअम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्त. आहारात फॉस्फरस चढता आणि कॅल्शिअम उतरतं राहिलं की शरीर रक्तातलं कॅल्शिअम टिकवण्यासाठी हाडांतून ते काढून घेतं. त्या बुटाच्या खोक्यातल्या माकडाचा जबडा याचमुळे मऊ पडला होता. मग मागचे पाय वाकतात, पकड जाते, एखाद्या साध्या उडीत मांडीचं हाड मोडतं.

आणि ऊन? ते खिडकीशी बसत होतं खरं, पण काच बंद होती. उन्हातले जे किरण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करतात, ते साध्या काचेतून आत येत नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या या माकडांचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. वनस्पतींपासून मिळणारं ड-2 त्यांना नीट वापरता येत नाही, त्यांना ड-3 च लागतं आणि आपल्याकडच्या माकडांपेक्षा जास्त लागतं. म्हणून त्यांना सकाळी कोवळ्या उन्हात, जाळीच्या पिंजऱ्यात, अर्धा भाग सावलीत ठेवून बसवायचं. सोलापुरात मार्च ते जूनमध्ये हे नऊच्या आत उरकायचं. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा एवढासा जीव अर्ध्या तासात उष्माघाताने जाऊ शकतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या घराघरांत ड-3 ची साठ हजार युनिटची पुडी असते, आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायची. ती पुडी मोठ्या माणसाच्या मापाची आहे. तिच्यातली चिमूटभर पूडसुद्धा माकडाला देऊ नका. ड जीवनसत्त्व जास्त झालं की कॅल्शिअम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांत साठतं, आणि तिथून परतीची वाट नसते. मात्रा डॉक्टरकडून वजनावर काढून घ्या आणि थेंबाने मोजा.

क जीवनसत्त्वाचं मात्र सोपं आहे. कुत्रा, गाय, उंदीर ते स्वतःच्या शरीरात तयार करतात. माकडाला, आपल्यासारखंच, ते रोज अन्नातून मिळावं लागतं. नाही मिळालं तर हिरड्या सुजतात, रक्त येतं, सांधे दुखतात, जखम भरत नाही. स्क्विरल मंकीच्या तर कवटीवर रक्ताची गाठ येते. उपाय आपल्या बाजारात टोपल्यांनी पडलेला असतो. शंभर ग्रॅम पेरूत क जीवनसत्त्व दोनशे मिलीग्रॅमच्या आसपास असतं, केळ्यात जेमतेम नऊ. पेरूची पातळ फोड, थोडासा आवळ्याचा कीस, ढोबळी मिरचीची चकती. हिवाळ्यात आपली बोरं आहेतच. बोराची बी काढून, चतकोर करून द्या. कापलेलं फळ तासन्‌तास उघडं ठेवलं तर हे जीवनसत्त्व उडून जातं, म्हणून ऐन वेळी कापायचं.

आता खाण्याची खरी रचना. छोट्या माकडांसाठी तयार गोळीखाद्य मिळतं. ते नव्या जगातल्या (दक्षिण अमेरिकेकडच्या) माकडांसाठी, म्हणजे ड-3 आणि क घातलेलं आहे ना, ते पिशवीवर वाचून घ्या. उत्पादनाची तारीख बघा. जुन्या खाद्यातलं क जीवनसत्त्व संपलेलं असतं, तेव्हा तीन महिन्यांच्या आतलंच घ्या. हे खाद्य सकाळी सगळ्यात आधी, भुकेच्या वेळी द्यायचं. थोडं कोमट पाणी शिंपडून मऊ केलं तर आवडीने खातात, पण मऊ केलेलं खाद्य दोन तासांत उचलून टाका. सोलापूरच्या उकाड्यात ते तिसऱ्या तासाला आंबतं. कुत्र्याचं खाद्य हा पर्याय नाही, त्यात क जीवनसत्त्वाचा पत्ता नसतो.

गोळीखाद्यानंतर भाजी. गाजर, दोडका, दुधी, फरसबी, लाल भोपळा, काकडी, उकडलेल्या रताळ्याचा तुकडा. शेवग्याचा पाला तर मी प्रत्येकाला सांगतो. बांधावर, परसात, सोसायटीच्या कुंपणाशी शेवगा असतोच, आणि पालेभाज्यांत त्याच्याएवढं कॅल्शिअम देणाऱ्या फार थोड्या आहेत. मेथीही चांगली. पालकात कॅल्शिअम दिसतं, पण त्यातलं ऑक्सॅलेट ते शरीराला मिळू देत नाही, म्हणून पालकावर भिस्त ठेवू नका. भाजी शेंगदाण्याएवढ्या तुकड्यांत चिरा. फार बारीक चिरली तर हाताला काम उरत नाही. मोठे तुकडे केले तर एक घास खाऊन बाकीचं खाली टाकतात.

प्रथिनांसाठी उकडलेल्या अंड्याचा छोटा तुकडा, वाफवलेली मटकी, कधी पनीर. आणि किडे. शाकाहारी घरांत हे सांगताना मला नेहमी अवघडायला होतं, पण मार्मोसेट, टॅमरिन आणि स्क्विरल मंकी ही किडे खाणारी माकडं आहेत. त्यांना नाकतोडा दिसला की अंगात वीज संचारते. पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारे रातकिडे किंवा मीलवर्म चालतात. त्यांच्यात मात्र फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शिअम कमी, म्हणून द्यायच्या आधी एक-दोन दिवस त्या किड्यांना कॅल्शिअम मिसळलेला भुसा आणि शेवग्याचा पाला खायला घालायचा. शेतातून नाकतोडे पकडून आणू नका. आपल्या जिल्ह्यात द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांवर किती फवारण्या होतात हे शेतकऱ्यांना सांगायला नको. तो नाकतोडा विषाची कुपी असू शकतो. याच कारणासाठी द्राक्षं वाहत्या पाण्यात चोळून धुवा, आणि दिलीच तर एक. डाळिंबाचे चार दाणे पुष्कळ झाले.

मार्मोसेटच्या बाबतीत एक पदार्थ बहुतेकांकडून राहून जातो, आणि तो नेमका सोलापूरच्या माळावर फुकट लागतो. तो म्हणजे डिंक. हे माकड जंगलात खालच्या पुढच्या दातांनी झाडाची साल कोरतं, भोक पाडतं आणि तिथे पाझरलेला डिंक चाटतं. त्याचे दात, नखं, आतड्याचा मागचा भाग, सगळं या कामासाठी घडलेलं आहे. डिंकातली शर्करा साखरेसारखी पटकन रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू ती आंबवतात तेव्हा ती पचते. आणि डिंकात कॅल्शिअम चांगलं असतं. किड्यांतली उणीव डिंक भरून काढतो. जगभरात बंदिस्त मार्मोसेटना जो डिंक देतात तो बाभळीच्याच भाऊबंदांचा. आपल्याकडे बाभूळ बांधाबांधावर उभी आहे.

किराणा दुकानात डिंक मागताना बाभळीचाच मागा. लाडवांसाठी कधीकधी धावड्याचा देतात आणि पाण्यात फुगणारा गोंद कतीरा हा तर वेगळाच पदार्थ. डिंक कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचा, एका वाटीला दोन वाट्या पाणी. सकाळी साल आणि कचरा फडक्यातून गाळून काढायचा. मधासारखा दाट, पिवळसर रस उरतो. तूप, साखर, गूळ काही घालायचं नाही. बाभळीचा मनगटाएवढा वाळका ओंडका घ्या, काटे तासा, करंगळीच्या पेराएवढी भोकं पाडा आणि त्यात हा रस भरा. दुपारनंतर द्यायचा, म्हणजे रात्रभर आतड्यात राहून पचायला वेळ मिळतो. सुरुवात अर्ध्या चमच्याने. एकदम जास्त दिला तर शी पातळ होते.

त्या कुटुंबाला मी असा ओंडका करून दिला. पहिले दोन दिवस माकडाने ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी ताईंनी फोनवर मला नुसता आवाज ऐकवला. कर्र, कर्र, थांबून पुन्हा कर्र. भोकातला डिंक संपल्यावर ते माकड स्वतः साल कोरत होतं. जन्मापासून पिंजऱ्यात वाढलेल्या त्या जीवाला हे कुणी शिकवलं नव्हतं.

खाणं वाटीत ठेवून मोकळं होऊ नका. जंगलात या माकडांचा दिवसाचा मोठा भाग अन्न शोधण्यात जातो. काथ्याच्या गुंत्यात ज्वारीच्या लाह्या लपवा, बांबूच्या नळीत किडे सोडा, फांदीला भाजी खोचा. दिवसाचं खाणं तीन-चार वेळा विभागून द्या. दोन माकडं असतील तर दोन ठिकाणी ठेवा, नाहीतर दांडगं खातं आणि दुबळं बघत बसतं.

पाण्याचंही सांगायला हवं. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं आणि पिंप भरून ठेवावं लागतं. साठवलेलं पाणी उकळून गार करून द्या. बाटली दिवसातून दोनदा ब्रशने घासा आणि नळीची गोळी अडकली नाही ना ते बोटाने दाबून पाहा. उन्हाळ्यात अडकलेल्या गोळीमुळे तहानेने मेलेलं माकड मी पाहिलं आहे. बाटलीत पाणी शिगोशीग होतं.

आणि उष्टं? ते कधीच नको. आपल्या ताटातला घास, चाटलेली कुल्फी, चावलेलं सफरचंद. माणसाच्या ओठांवर ज्याने फोड येतात तो विषाणू आपल्याला चार दिवस त्रास देऊन जातो, पण मार्मोसेटचा जीव घेतो. घरात कुणाच्या ओठावर फोड असेल तर त्या माणसाने माकडाचं भांडंसुद्धा हाताळू नये. मुलांना हे आवर्जून सांगा, कारण लाडाने पापा घेणारी तीच असतात. मीठ-तिखटाचं, चहा, चॉकलेट, कांदा-लसूण, तळलेलं काहीही वर्ज्य. शेंगदाणा हा तर आपल्या गावाचा जीव, शेंगा चटणीशिवाय आपलं पान हलत नाही. पण पावसाळ्यात पोत्यात ओल धरलेल्या शेंगांवर बुरशी येते, तिचं विष यकृत खातं, आणि भाजून ते पुरतं जात नाही. शंका असली तरी शेंग फेकून द्या. विजापूर रोडवरच्या महापालिकेच्या महात्मा गांधी प्राणिसंग्रहालयात उभं राहून पिंजऱ्यात शेंगा टाकण्याची सवय आपल्या कित्येक पिढ्यांना होती. कोणत्याही प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना बाहेरचं खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे, आणि या बुरशीसारखी कारणं त्यामागे आहेत.

आता दारात आलेल्या पिल्लाबद्दल. शनिवारी मारुतीच्या देवळापाशी माकडांना केळी-फुटाणे घालणारे भाविक बरेच असतात. त्या लोभाने टोळ्या रस्त्यालगत येतात. माद्या गाडीखाली जातात आणि छातीला बिलगलेलं पिल्लू मागे उरतं. पिल्लू हातात आलं की लगेच दूध देऊ नका. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. आधी ऊब द्या. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि त्याला टॉवेल धरायला द्या. आपल्या सोलापूरच्या टेरी टॉवेलची लव यासाठी उत्तम. अमेरिकेत हॅरी हार्लो या मानसशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात ऱ्हीसस माकडांच्या पिल्लांवर प्रयोग केले. दूध देणारी तारेची आई आणि दूध न देणारी टेरी कापडाची आई, असे दोन सांगाडे होते. पिल्लं दुधापुरती तारेकडे जात आणि उरलेला सगळा वेळ कापडाला बिलगून राहत. तो प्रयोग क्रूर होता. पण पिल्लाला घट्ट धरायला काही मिळालं की ते शांत होतं आणि मग दूध घेतं, हे मी माझ्या टेबलावर वारंवार पाहिलं आहे.

त्याचवेळी 1926 या वनखात्याच्या हेल्पलाइनला फोन करा. माणसं येईपर्यंत पिल्लू उबदार झालं असेल तर तान्ह्या बाळांची दूध पावडर डब्यावर लिहिल्याप्रमाणे कालवून, कोमट करून, बिनसुईच्या सिरिंजने थेंब थेंब द्या. पिल्लाला पालथं, टॉवेलला धरलेलं ठेवा, डोकं किंचित वर. बाळासारखं मांडीवर उताणं निजवून पाजलं की दूध श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनियाने पिल्लू दगावतं. साखर घातलेलं दूध, मध, बिस्कीट नको. पिल्लू लाल तोंडाच्या माकडाचं की काळ्या तोंडाच्या वानराचं, हे फोनवर सांगा, कारण पुढचा आहार त्यावर ठरतो. माकड फळं, दाणे, किडे सगळं खातं. वानर पाला खाणारं, त्याच्या पोटाची रचना गाईगुरांच्या जवळची. वयात येणाऱ्या वानराला वड, पिंपळ, उंबराचा कोवळा पाला हवा. त्याला केळी आणि चपात्या घातल्या तर पोट फुगून ते तडफडतं.

आता पुन्हा पिंजऱ्यातल्या छोट्या माकडांकडे. मोठ्या झालेल्या माकडाचा आहार बदलताना घाई नको. केळं-बिस्किटावर वाढलेल्या माकडापुढे एकदम शेवगा ठेवला तर ते उपाशी बसेल, आणि एवढ्याशा शरीराला एक दिवसाचा उपासही झेपत नाही. तीन आठवड्यांत बदला. पहिल्या आठवड्यात केळं निम्मं करा आणि पेरू वाढवा, दुसऱ्यात गोळीखाद्य केळ्याच्या लगद्यात घोळवून द्या, तिसऱ्यात लगदा काढून टाका. या काळात रोज सकाळी खाण्याआधी वजन घ्या. वीस-पंचवीस किलोचे काटे इथे कामाचे नाहीत, ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा लागतो. काट्यावर एक छोटी टोपली ठेवून तिच्यात किड्याचं आमिष दाखवलं की माकड स्वतःहून चढतं. पुढे आठवड्यातून एकदा पुरे. वहीत तारीख, वजन, काय खाल्लं, काय टाकलं आणि शी कशी होती एवढं लिहा. दहा टक्के वजन उतरलं, म्हणजे साडेतीनशेचं तीनशे पंधरा झालं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टर गाठा. सततचे जुलाब आणि सुकत जाणाऱ्या मांड्या हा मार्मोसेटचा जुना आजार आहे, आणि तो वहीत दिसतो, डोळ्यांना उशिरा दिसतो.

त्या बुटाच्या खोक्यातल्या माकडाची वही माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर 262. सहाव्या दिवशी 257, तेव्हा ताईंनी दोनदा फोन केला. पंधराव्या दिवशी 268. अडीच महिन्यांनी 331, आणि शेजारी ताईंच्या अक्षरात लिहिलंय: जाळीवर चढला, वरपर्यंत.